वजीर सांभाळ

दोन वर्षं माझं रेटिंग हललं नाही. पन्नाशीला टेकलेली बाई दादरच्या हॉलमध्ये बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळते, याचंच घरच्यांना कौतुक. मला मात्र जिंकायचं होतं. हरले की मी तिथल्या पंख्याच्या आवाजाला नावं ठेवायची, समोरच्या कॉलेजकन्येच्या च्युइंगमला नावं ठेवायची. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

शेवटी मुलीनं लॅपटॉपवर बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. म्हणाली, "आई, पुस्तकं पाठ करणं बस झालं. तुझे हरलेले डाव यात भर. कुठे माती खातेस ते कळेल." वहीतले सगळे डाव मी एकेक चाल करून भरले. डावाचं पारडं दाखवणारी पडद्यावरची रेघ बराच वेळ सपाट चालायची आणि एका चालीला धाडकन खाली यायची. तिथे लाल खूण, म्हणजे घोडचूक. माझी सुरुवात कच्ची आहे, असा माझा पक्का समज होता. सुरुवात ठणठणीत निघाली. अर्ध्याअधिक डावांत मी वजीर फुकट घालवला होता. लांबच्या कोपऱ्यातून समोरच्याचा उंट रोखलेला, आणि मी आपली स्वतःच्याच हल्ल्यात रंगलेली.

हे असं का, ते कळायला मला सॉफ्टवेअर लागलं नाही. लालबागच्या आमच्या चाळीत बाबा गिरणीतून आले की गॅलरीत पट मांडायचे. तिथला रिवाज होता: समोरच्याच्या वजिरावर रोख धरला की तोंडानं सांगायचं, "वजीर सांभाळ." न सांगता मारला तर सगळी गॅलरी "चोर!" म्हणून ओरडायची आणि वजीर परत पटावर यायचा. पुढे चाळ पडली, तिथेच टॉवर झाला, बाबा बाराव्या मजल्यावर गेले. पण आमचा रविवारचा डाव चालू राहिला, आणि रिवाजही. म्हणजे चाळीस वर्षं माझ्या वजिराची राखण समोरचाच करत होता.

मला बाबांचा राग आला. अगदी खरा. त्या रविवारी पट मांडतानाच मी म्हटलं, "बाबा, आजपासून 'वजीर सांभाळ' बंद. तुम्ही नाही, मीही नाही."

"चोरून मारूचा? ह्यो खंयचो खेळ?"

"बाहेर हाच खेळतात. तुमच्या सांगण्यानं मी पांगळी झाले."

हे बोलायला नको होतं. बाबांनी उरलेली प्यादी मांडली. मग म्हणाले, "बरां. सांगूचंय नाय."

डाव सुरू झाला. सॉफ्टवेअर महिनाभर एकच गोष्ट माझ्याकडून घोटून घेत होतं: चाल करण्याआधी समोरच्याच्या बाजूनं पट बघ. मी बघत होते. माझा उंट पार कडेच्या घरातून त्यांच्या वजिरावर रोखलेला होता, आणि बाबांनी भलतंच प्यादं पुढे केलं. मला कोण आनंद झाला! मी गुपचूप वजीर उचलला.

बाबांचा हात वजिराच्या घरापाशी आला. तिथे माझा उंट होता. बोटं त्याला लागून थबकली.

"वजीर खंय गेलो?"

"मारला, बाबा. उंटानं. त्या कोपऱ्यातून."

बाबांनी मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठे त्यांना तो कोपरा दिसला. मग हळू आवाजात म्हणाले, "कडेचा दिसत नाय गो आता. दोन वर्सां झाली."

काचबिंदू आहे, हे मला माहीत होतं. सकाळचे थेंब रविवारी मीच घालायची. नजरेच्या कडा किती गेल्या, ते कधी विचारलं नव्हतं. समोरचं दिसेल तेवढं बघून, बाकीचा पट डोक्यात ठेवून आणि माझ्या "वजीर सांभाळ"वर विसंबून ते दर रविवारी खेळत होते. आणि पांगळी मी झाले होते म्हणे. मला स्वतःची लाज वाटली.

वजीर परत ठेवायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "मारलंस तां मारलंस."

रेटिंग नंतर सरकलं, थोडंसंच. आता रविवारी मी माझी प्रत्येक चाल मोठ्यानं सांगते आणि त्यांच्या वजिरावर आले की तेही सांगते. बाबा मात्र माझ्या वजिरावर आले की अवाक्षर काढत नाहीत. कबूल केलंय ना! परवा त्यांच्या घोड्यानं माझा वजीर उचलला आणि माझ्या तोंडून गॅलरीतल्यासारखं निघून गेलं, "चोर!" बाबा इतके हसले, इतके हसले की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मला सकाळचे थेंब पुन्हा घालावे लागले.