हेलेनाबाईंनी गाव पाहिलं नाही

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. महिन्यापूर्वी हेलेनाबाई गेल्याचा फोन आला. नंतर इथे लंडनच्या हॅरोत आमच्या मराठी मंडळींनी त्यांची आठवण काढली, तेव्हा कुणीतरी म्हणालंच, "निदान आपलं गाव तरी डोळे भरून पाहिलं त्यांनी." माना डोलल्या. माझीही डोलली. ही गोष्ट खोटी आहे, आणि ती मीच पसरवली.

बाई आमच्या शेजारच्या. जन्म पोलंडमधल्या एका लहान गावातला. महायुद्धात, थंडीतल्या एका पहाटे, सोव्हिएत सैनिकांनी बंदुकीच्या दस्त्यांनी त्यांचं दार बडवलं आणि मायलेकींना आगगाडीत कोंबून सैबेरियाला नेलं. तिथून सुटून त्या पोचल्या थेट कोल्हापूरजवळ, वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत. त्यामुळे बाईंचं मराठी अस्सल कोल्हापुरी. कुंपणावरून हाक यायची, "काय पुणेकर, जेवलासा का?"

"जेवलात का, म्हणा बाई!"

"तुमचं मराठी इस्त्रीचं," त्या म्हणायच्या. "आमचं अंगावरचं."

आईकडून ऐकून ऐकून गाव त्यांना तोंडपाठ होतं... चौकातली चेस्टनटची झाडं, दोन मनोऱ्यांचं चर्च, ज्यूंचं विटांचं प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग, पाण्याचा हातपंप. दहाएक वर्षांपूर्वी मी म्हटलं, चला, मी नेतो. त्या म्हणाल्या, बसनं जाऊ. मी ट्रेनची तिकिटं काढली. तिथलं जुनं लाकडी स्टेशन बघण्यासारखं आहे, असं मी वाचलं होतं. त्याच फलाटावरून त्यांना नेलं होतं, हेही मला ठाऊक होतं. वाटलं, इतक्या वर्षांनी त्याचं काय...

उतरताच त्यांनी माझी बाही धरली. "पुणेकर, भ्या वाटतंय."

मी सवयीनं हसत म्हणालो, "भ्या नाही बाई, भीती."

त्यांनी बाही सोडली.

मग त्या बाकावर बसल्या त्या हलेचनात. इतक्या लांब आलोय म्हणून मी एकटाच गावात गेलो. चौक, चर्च, सगळ्याचे फोटो काढले. सिनेगॉगचं वाचनालय झालं होतं. पंपाच्या जागी मोटारी उभ्या होत्या. परतलो तर बाक रिकामा. स्टेशनातल्या टॉयलेटचं दार आतून बंद. मी हाका मारल्या, टकटक केली, मग घाबरून मुठीनं दार बडवलं. आतून श्वासही ऐकू येईना. वाकून खालच्या फटीतून पाहिलं, पाय दिसेनात. बाई पाय वर घेऊन लपल्या होत्या... माझ्यापासून. हात तसाच वर राहिला. पुन्हा दाराला लावायचं धाडस झालं नाही.

हॅरोत सगळ्यांनी विचारलं, कशी झाली ट्रिप? मी फोटो दाखवले. "बाई तर काय, हरखूनच गेल्या!" बाई मागच्या खुर्चीत होत्या. त्यानंतर माझ्याशी मराठीत कधीच बोलल्या नाहीत, फक्त इंग्रजीत, अगदी सभ्यपणे. त्या एक दिवस सगळ्यांसमोर खरं सांगतील, ही धास्ती मला वर्षानुवर्षं होती. त्यांनी सांगितलं नाही.

केअर होममधल्या शेवटच्या भेटीत त्यांनी अचानक विचारलं, चौक कसा होता? इंग्रजीतच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी झाडं सांगितली, मनोरे सांगितले. पंपाला अजून पाणी येतं, असंही सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. चुकलं माझं, बाई... हे मी वाटेत ट्रेनमध्ये घोकत आलो होतो. ओठांपर्यंत आलंही. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो, "निघतो आता. ट्रेन चुकेल."