उमरेडला अर्धं टाकलेलं ताट

अंबाझरी तलावात पोहायचं, तिथून सायकलीने उमरेडला जाऊन परत यायचं आणि वर वाडीच्या रस्त्याने एकवीस किलोमीटर धावायचं, तेही एकाच दिवसात. हा उद्योग मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी केला. आजकालचे हौशी लोक असल्या शर्यतींसाठी विमानाने जातात, दोन बोटांनी उचलता येईल अशी सायकल घेतात आणि केळं खातानाचे फोटो टाकतात. त्यांनी हे जरूर वाचावं. ऐंशीच्या दशकातल्या नागपुरात आमच्याकडे केळं होतं, फोटो काढणारं कोणी नव्हतं.

मी हे आरोग्यासाठी केलं नाही. सासऱ्यांसाठी केलं.

सासरे उमरेडचे. तरुणपणी स्वतः मागावर बसलेले, पुढे त्यांनी लुगड्यांचं दुकान टाकलं. आणि त्यांचा जावई, म्हणजे मी, सरकारी कचेरीतला कारकून. वकिलीचं शिक्षण दुसऱ्या वर्षात सोडलेला, बाजाची पेटी पहिल्याच रागावर सोडलेला. आज ज्याला मनीषनगर म्हणतात तिकडे एक प्लॉट घेऊन घर जोत्यापर्यंत आणलं आणि तेही सोडलं. पावसाळ्यात त्या जोत्यावर कोणाच्या तरी म्हशी येऊन बसत. दर दिवाळीला भर पंगतीत सासरे माझ्याकडे न बघता म्हणायचे, "अर्ध्या लुगड्याले गिऱ्हाईक नसते." अठरा वर्षं हे वाक्य ऐकलं. पंगत हसायची, मीही हसायचो आणि आतल्या आत जळायचो.

त्यामुळे एका क्रीडा मंडळाने 'त्रिविध सहनशक्ती स्पर्धा' जाहीर केली तेव्हा मी पहिल्याच दिवशी नाव घातलं. बायको, कुसुम, भाकरी थापता थापता थांबली.

"काहून जी? तुमाले कचेरीचा जिना चढला का धाप लागते."

"पुरी करून दाखवतो."

"कोणाले?"

मी सायकलची हवा तपासायला गेलो. तिलाही ते ठाऊक होतंच.

पाच महिने पहाटे पोहलो, संध्याकाळी धावलो. कचेरीतले लोक रोज माझी नाडी बघून जायचे. मंडळाला उमरेडमध्ये एक प्रतिष्ठित माणूस हवा होता. स्पर्धक तिथवर खरंच आला याची कार्डावर सही करायला. मीच छाती पुढे काढून सासऱ्यांचं नाव सुचवलं. म्हटलं, बघू देत डोळ्यांनी. इतका पुरता मूर्खपणा मी दुसरा केलेला नाही.

जानेवारीतला दिवस. सहाला सुरुवात होती, पण प्रमुख पाहुणे साडेसातला उगवले. तोवर आम्ही सात स्पर्धक चड्डीवर काकडत उभे. दोन पोलीस शिपाई, कॉलेजातले तिघे, परदेशी सायकलवाला एक डॉक्टर आणि मी. मग नारळ, हार, दीपप्रज्वलन आणि भाषण. पाहुणे ओव्हरकोट घालून शरीर कमावण्याबद्दल बोलले. सहनशक्ती तिथेच तपासून झाली होती, पुढची शर्यत उगाच. मंडळाचे सचिव भोंग्यातून ओरडले, "सायंकाळी सहाला रेषा बंद!" दीड तास त्यांनी खाल्ला, पण कापला आमचा.

तलावाबद्दल काय सांगू? पाणी बर्फ होतं आणि मध्यावर शेवाळ पायाला धरायचं. मी शेवटून दुसरा बाहेर आलो, कारण एका शिपायाच्या पोटरीत गोळा आला होता. ओल्या चड्डीवर पँट चढवली आणि माझ्या काळ्या बावीस इंची सायकलवर टांग मारली. कॅरियर, डायनॅमो, घंटी, सगळं अंगावर ठेवून. डॉक्टरांनी सायकलकडे पाहून विचारलं, "दळण आणायला निघालात का?" त्यांची सायकल दिघोरीच्या पुढे पंक्चर झाली. मी घंटी वाजवून पुढे गेलो. पाचगावाजवळ तिने मला पुन्हा गाठलं, पण तेवढा आनंद मला पुरला.

उमरेडचा रस्ता आता चौपदरी आहे, तेव्हा एकेरी डांबरी होता. समोरून कोळशाचा ट्रक आला की सायकलवाल्याने मुरमात उतरायचं, असा न लिहिलेला कायदा. प्रत्येक ट्रक जाताना मूठभर काळी पूड तोंडावर टाकून जायचा. पाचगावला टपरीवर चहा चार आण्यांत मिळाला आणि साखर त्यात आठ आण्यांची होती. आज जाणाऱ्यांनी पुढचं चांपा गाव ओलांडण्याआधी पाणी भरून घ्यावं आणि पोटात काही भरू नये. हे का, ते पुढे कळेलच.

साडेअकराला उमरेडला पोचलो. सासऱ्यांच्या घरासमोर टेबल, टेबलावर शाईची दौत, आणि मागे धुतलेलं धोतर नेसून सासरे. डॉक्टरांना सही मिळाली, उभ्याने चहा मिळाला, ते गेले. माझी पाळी आली तसं त्यांनी टाकाचं टोक पुसलं आणि टाक दौतीशेजारी ठेवून दिला.

"हातपाय धुवा जवाईबापू."

"मामाजी, शर्यत चालू आहे. सही करा, मले निघू द्या."

"सही कुठं पळून राहिली? डॉक्टर पाहुणा आहे, त्याले चहा पुरे. तुमी या घरचे जवाई. उंबऱ्यावरून उपाशी गेले, तर उद्या बजारात मले तोंड दाखवता येईन का?"

आत पाट मांडलेला. भोवती रांगोळी, उदबत्ती. सासूबाईंनी पहाटेपासून पुरण वाटलं होतं. कुसुमने पत्र टाकून कळवलं होतं म्हणे, 'ते येऊन राहिले.' कशासाठी येऊन राहिले ते लिहिलं होतं, पण जावई येतो म्हटल्यावर पुढचं कोण वाचतो? कार्ड सासऱ्यांच्या खिशात. मी कोळशाने माखलेल्या तोंडाने पाटावर बसलो. पुरणपोळी, वाटीभर तूप, पाटवडीचा रस्सा, गोळाभात, कढी. चव अप्रतिम होती, हे खरं सांगायला आजही राग येतो. दोन पोळ्या गेल्या. तिसरी न विचारता ताटात पडली. दारातून तो गोळा आलेला शिपाईही सही घेऊन, पाणी पिऊन वळताना दिसला. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत आले होते.

मी ताटावर आडवा हात धरला आणि उठलो.

त्या घरात भरल्या ताटावरून कोणी उठलेलं नव्हतं. सासूबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. त्या अजून जेवायच्या होत्या. जावई जेवल्याशिवाय घरातल्या बाया जेवत नसत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासऱ्यांनी ताटाकडे पाहिलं. "इथंही अर्धंच."

"हो, मामाजी. इथं अर्धं. तिथं पुरं करायचं आहे म्हणून." अठरा वर्षांत त्यांना मी पहिल्यांदा उलटून बोललो. त्यांनी बाहेर येऊन सही केली. कार्ड हातात दिलं नाही, टेबलावर सरकवलं.

परतीचा रस्ता मी शिव्या देत कापला. स्वतःला, मंडळाला, पुरणाला आणि ज्याने पोळीवर तूप घालायची पद्धत काढली त्याला. तीनच्या सुमारास मेडिकल चौकातून सीताबर्डीकडे वळलो. बर्डीवर शनिवारची खरेदी चाललेली. एका बाईंनी रस्ता ओलांडता ओलांडता विचारलं, "काय गा, सिलिंडर आणून राहिला का?" अंबाझरीला सायकल टाकली आणि धावायला लागलो. धावणं म्हणजे काय, पोटातलं ताट आणि मी दोघे वेगवेगळ्या तालात चाललो होतो. वाडीला वळसा घालताना पाय गेले. एका मैलाच्या दगडावर बसलो. सोडून द्यावं, असं अगदी मनापासून वाटलं. सोडण्यात माझा हात धरणारा कोण होता? पण आता सोडलं असतं तर शर्यतही अर्धी आणि ताटही अर्धं. निदान एकाचा तरी अपमान फुकट जायला नको होता. उठलो.

तलावाशी आलो तेव्हा सूर्य बुडाला होता, सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पाहुणे, हार, भोंगा, सगळं गेलेलं. मांडववाले सतरंज्या गुंडाळत होते. चुन्याच्या रेषेवर एकच लोखंडी खुर्ची होती आणि खुर्चीवर सासरे. मांडीवर पितळी डबा. सचिव त्यांच्याशी वाद घालत होते.

"काका, खुर्ची द्या ना. रेषा बंद झाली."

"माया जवाई येऊन राहिला."

"वेळ संपली हो!"

"दीड घंटा उशिरा सुरू केली ना तुमी? डॉक्टरनं सांगतलं मले. मंग दीड घंटा बसतो मी इथं. उचला खुर्चीसकट."

सचिवांनी उचललं नाही. मी चुन्याची रेषा ओलांडली आणि सासऱ्यांच्या पायाशीच बसलो, कारण उभं राहणं शक्य नव्हतं. दुपारच्या एसटीने ते आले होते. त्यांनी शाबासकी दिली नाही. डब्याचं झाकण काढलं. तिसरी पोळी, थिजलेलं तूप, गोळाभात.

"तुमचंच ताट आहे, उष्टं बी तुमचंच. पुरं करा. घरी बुढी उपाशी बसून आहे."

मी तिथेच, मातीत, सगळं खाल्लं. सचिवांनी माझ्या नावापुढे 'वेळेबाहेर' लिहिलं आणि प्रमाणपत्र पहिल्या तिघांपुरतंच छापलं होतं हे नम्रपणे कळवलं. उमरेडच्या शेवटच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर 'ताट पुरं झालं' असा निरोप धाडून सासरे रात्री आमच्याकडेच मुक्कामाला राहिले. कुसुमने माझे पाय शेकले.

लोक विचारतात, एवढं करून मिळालं काय? गुडघा कायमचा गेला. घर जोत्यावरच राहिलं, ते पुढे मुलाने पुरं केलं. शर्यत माणसाला बदलते वगैरे जे सांगतात, त्यांना मी दुरूनच नमस्कार करतो.

पण त्या दिवाळीला उमरेडला पंगत बसली. मी लुगड्याच्या वाक्याची वाट बघत मान खाली घालून बसलो होतो. सासूबाई तिसरी पोळी माझ्या ताटात टाकणार, तोच पलीकडून सासऱ्यांचा आवाज आला.

"विचारून वाढ वं. त्याईले कुठं जाचं असलं तर?"

पंगतीत कोणी हसलं नाही. मी पोळी घेतली आणि सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.