तिसरा वार

नागापूरच्या एमआयडीसीत, खिडक्यांच्या ग्रिलं करणाऱ्या एका शेडच्या मागच्या अंगाला तो लोखंडी कड्यांची चिलखतं विणतो. जुन्या लढाया मैदानात खेळून दाखवणारे आमच्यासारखे हौशी लोक त्याची गिऱ्हाइकं. आमच्या बोथट तलवारीही तोच घडवतो. बोलताना तो तोंडाकडे बघत नाही. मानेकडे बघतो, खांद्याकडे बघतो. पकडीनं एक कडी मिटली की एक शब्द. "तुमचा... डावा... खांदा... पडलेला... हाय." माप त्यानं कधी घेतलं नाही, तरी चिलखत अंगाला चोख बसतं.

त्याचा एक नेम आहे. तयार चिलखत आधी तो स्वतः चढवतो, गिऱ्हाइकाच्या हातात तलवार देतो आणि पाठ करून उभा राहतो.

"मारा."

माझी पाळी आली तेव्हा मी तलवार नुसती टेकवली.

"जोरात मारा की. उद्या तुमालाच घालायचं हाय."

मारली. कड्या खळखळल्या, तो हललासुद्धा नाही. मला एकदम बरं वाटलं आणि हात आपोआप पुन्हा उठला. या खेपेला तो भिंतीला हात टेकून सावरला.

मग त्यानं शांतपणे चिलखत उतरवलं, तेलाच्या फडक्यानं पुसलं आणि माझ्या मानेकडे बघत हातात दिलं.

"माल पक्का हाय. तिसरा वार मी सांगितला न्हवता. पन समदेच मारत्यात," तो म्हणाला. "म्हनून तर मी तोंडं बघत न्हाई."