दडवलेल्या रेघा

तुमच्या डोळ्यांदेखत कुणी खोटं लिहायला लावलं, तर तुम्ही काय करता? खरं सांगा. मान खाली घालून चहा मागवता ना?

खोके बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात रेघबाई टायपिस्ट. हे नाव पडलं जुन्या रजिस्टरांच्या काळात. टेबलावर व्हाइटनरची बाटली दिसली की थेट कचऱ्यात. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, खालचं वाचता आलंच पाहिजे, आणि कुणाच्या सांगण्यावरून बदललं ते समासात. कॉम्प्युटर आला तरी खोड तीच. फाइलमध्ये बदल टिपून ठेवणारी सोय कायम चालू. खोडलेलं लाल होऊन राहायचं, बाजूला बाईंचा शेरा.

"बाई, तुमच्या फाइलला गोवर आलाय," पोरी हसायच्या.

"गोवर अंगावर उठलेला बरा गं. आत राहिला की जीव घेतो."

मग कटिंग मशीनवरच्या ताईची बोटं गेली. दोष तिचा ठरला असता तर बोटांमागून नोकरीही गेली असती. अपघाताच्या अहवालात बाईंनी टाइप केलं होतं, की पात्यापासून हात वाचवणारी मशीनची जाळी तुटल्याची तक्रार आधीच आली होती. मॅनेजर त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"खोडा ते. लिहा, जाळी कामगाराने स्वतः काढली."

"साहेब, ती तक्रार मीच टाइप केलीय."

"तुम्ही टायपिंग करता की न्यायनिवाडा?"

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं एकाएकी फार कामसू झाली. कुणी फायली चाळतंय, कुणी पेन्सिलीला टोक काढतंय. किळस येते हो!

बाईंनी बदललं. पण समासात शेरा ठोकला: "मॅनेजरसाहेबांच्या सांगण्यावरून."

शहाण्या मॅनेजरने लाल रेघा पाहिल्या आणि माऊसने नुसत्या दिसेनाशा केल्या. पुसल्या नाहीत, झाकल्या. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं. तीच फाइल त्याने आमच्या कामगार संघटनेला मेल केली. मी एक बटण दाबलं आणि सगळा गोवर बाहेर! तो तसाच छापून आम्ही चौकशी मागितली.

चौकशीत हा गडी काय म्हणाला असेल? "बदल टायपिस्टच्या नावावर दिसतोय. तिनेच केला."

"हात माझे होते साहेब," बाई म्हणाल्या, "तोंड तुमचं होतं."

तुटलेल्या जाळीची तक्रार ऑफिसच्या जुन्या फाइलीत सापडली, ताईची नोकरी वाचली. बाईंना मात्र गोदामात नेऊन टाकलं. आरोप काय, तर अहवालात फेरफार! आणि ऑफिस यातून काय शिकलं? खरं लिहायला? छे! आता अहवाल फक्त छापून देतात, मूळ फाइल मागितली की दात विचकतात. थू असल्या शहाणपणावर.

येत्या सोमवारी बाईंची सुनावणी आहे. मॅनेजर म्हणतो, मी असं बोललोच नाही, शेरा बाईंनी मनाने रचला. बाईंच्या बाजूने साक्ष देणारं अजून कुणी नाही. हे वाचणाऱ्यांत त्या खोलीतला कुणीतरी नक्की असेल. पेन्सिलीला टोक काढणारे तुम्हीच का? पेन्सिल राहू द्या. सोमवारी या, आणि कानांनी ऐकलं तेवढंच मोठ्याने सांगा.