सतरा नंबरची फिल्म

फिल्म व्ह्यूअरच्या दिव्यापुढे लावली आणि माझ्या तोंडून "आई गं!" निघालं. शेजारच्या टेबलावरच्या फिलिपिनो क्लार्कने मान वर केली. मी "नथिंग, नथिंग" म्हणालो आणि पुन्हा पाहिलं. वेल्डच्या बरोबर मधून पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. चांगली दीड इंच. कोपऱ्यात नंबर होता, डब्ल्यू सतरा.

मी वेल्डिंग इन्स्पेक्टर. दोन पाईप जोडताना सगळ्यात आतला जो पहिला थर भरतात त्याला रूट म्हणतात. वेल्डर हात स्थिर ठेवून तो थर भरतो. हात हलला की आत फट राहते. बाहेरून काही दिसत नाही, वर चांगली चकचकीत शिलाई दिसते. म्हणून आम्ही वेल्डचा एक्स-रे काढतो. फट राहिली असेल तिथे फिल्मवर काळी रेघ येते. आमच्या पाईपांतून विषारी वायू मिसळलेला गॅस जाणार होता, त्यामुळे काळी रेघ दिसली की वेल्डर नापास. इथे दयामाया नाही.

फिल्मवर वेल्डरचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. इन्स्पेक्टरने ओळखदेख पाहू नये म्हणून ही पद्धत. पण सतरा नंबर कोणाचा हे मला पाठ होतं. तो अँथनी होता. आणि त्याचा हात का हलला हेही मला ठाऊक होतं, कारण त्या हातावर हॉकी स्टिक मारणारा मीच होतो.

आता हे सगळं सरळ सांगतो.

दोन हजार सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. कतारच्या उत्तरेला, अल रुवैसच्या रस्त्यावर आमची साइट होती. कामगारांचे चार कॅम्प. माझं घर दोह्यात मदिनत खलीफाला, पण आठवड्यातले पाच दिवस मी कॅम्प तीनमध्येच राहायचो. तिथे करमणूक म्हणजे टीव्ही, कॅरम आणि हॉकी. हॉकी म्हणजे कॅम्पची अब्रू! दर थंडीत चार कॅम्पांची लीग व्हायची आणि आमचा कॅम्प सलग तीन वर्षं शेवटचा येत होता.

या लीगची एक खासियत होती. भारतातून नवी बॅच आली की कोण कुठल्या कॅम्पात राहणार हे कॅम्प बॉस ठरवत नसे, हॉकीवाले ठरवत. चार चिठ्ठ्या उचलायच्या आणि निघालेल्या क्रमाने एकेका कॅम्पने एकेक माणूस मागायचा. याला आम्ही टर्न म्हणायचो. माणूस वेल्डर आहे की सुतार, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. तो गोलकीपर आहे का, एवढंच बघायचं. कॅम्प बॉस निमूटपणे त्याप्रमाणे खोल्या द्यायचा. कारण तो स्वतः कॅम्प एकचा सेंटर हाफ होता.

त्या वर्षी पहिली चिठ्ठी कॅम्प दोनची निघाली, दुसरी आमची. बॅचचे बायोडेटा माझ्याकडे यायचे, कारण वेल्डरांची टेस्ट मीच घ्यायचो. त्यातला छंदांचा रकाना मी आधी वाचायचो, अनुभवाचा नंतर. आज सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

शुक्रवारी सकाळी मेसमध्ये कडक चहा घेत आमची बैठक बसली. मी, स्टोअरकीपर मुकादमचाचा आणि क्रेन ऑपरेटर दळवी. चाचा रत्नागिरीचे, साठीला टेकलेले, आमच्या टीमचे कोच. दळवी चिपळूणचा, आवाज क्रेनच्या भोंग्यापेक्षा मोठा.

"बलबीर घ्या," चाचा म्हणाले. "जालंधरचा फुलबॅक. मागं भिंत नसंल तर पुढं कितीबी गोल करा, काय उपेग?"

"भिंत घालून तीन वर्षं शून्य-शून्य खेळलो ना चाचा!" दळवी ओरडला. "गोल कोण करणार? तुमची स्टोअरची वही?"

"हळू बोल रे. कॅम्प दोनची पोरं पलीकडे बसलीत."

"बलबीरला कॅम्प दोनच उचलणार," मी म्हणालो. "त्यांचा फोरमन गुरमीतसिंग पंजाबचाच. आपण दुसरा बघू. हा अँथनी. खडकीचा आहे. आयटीआय वेल्डर, वय तेवीस. छंदात लिहिलंय, हॉकी, सेंटर फॉरवर्ड."

"लिवायला काय जातंय?" चाचा म्हणाले. "मीबी लिवीन, छंद विमान चालवणं."

"मग बघू या ना खेळवून," मी म्हणालो. "आज दुपारी. फॅब्रिकेशन यार्डच्या मागे. गुपचूप. गुरमीतच्या कानावर गेलं की तो बलबीरला सोडून याला मागेल."

ही अक्कल माझी. कुणावर ढकलायची सोय नाही.

अँथनी आला. सावळा, काटकुळा, मराठी माझ्यापेक्षा फर्डी, आणि शिव्या तर अस्सल. खडकीत लहानपणापासून स्टिक हातात. यार्डमागच्या दाबलेल्या वाळूवर त्याने दळवीला तीनदा असा चकवला की दळवी तिसऱ्यांदा खाली बसूनच राहिला. चाचांच्या तोंडाचा आ झाला. मला चेव आला. पंचेचाळिशीचा मी, पोट सांभाळत फुलबॅक म्हणून उभा राहिलो. तो उजवीकडून निघाला, मी स्टिक घातली. चेंडू निघून गेला होता. माझी स्टिक त्याच्या उजव्या हाताच्या बोटांच्या मुळावर बसली. आवाज आला तो मला अजून आठवतो.

तो हात मांडीखाली दाबून बसला. "काही नाही साहेब," म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं.

"बर्फ लाव," मी म्हणालो.

"क्लिनिकात जाऊ नको हां बाला," चाचा म्हणाले. "नर्स कॅम्प दोनचा हाये. इचारंल, कुठं लागलं, कसं लागलं. समदी बोंब होईल."

अँथनीने माझ्याकडे पाहिलं. मी साहेब, मी परवा त्याची टेस्ट घेणारा. आणि मी काय म्हणालो? "पुढच्या शुक्रवारपर्यंत कळ काढ. टर्न झाली की बघू." दुसऱ्यांच्या वेल्डमधली लपलेली फट शोधायचा मला पगार मिळत होता, आणि मी हे बोललो.

रविवारी टेस्ट झाली. पंचेचाळीस अंशात तिरका पाईप, खाली वाकून, वर मान करून वेल्ड करायचा. सगळ्यात अवघड. अँथनी ग्लोव्ह घालूनच शेडमध्ये आला. मी त्याला "कसा आहे हात?" असंही विचारलं नाही, कारण गुरमीत शेजारीच उभा होता. सोमवारी फिल्म आली.

आता नियम सांगतो. नापास वेल्डरला एकच रीटेस्ट, तीही दोन दिवसांत. तिच्यातही नापास झाला तर पुढच्या विमानाने घरी. प्रोबेशनमध्ये कंपनी एक शब्द बोलत नाही. म्हणजे बुधवारपर्यंत अँथनीचा फैसला.

फिल्म पाकिटात घालून मी अँथनीच्या तात्पुरत्या खोलीवर गेलो. हात दाखवायला लावला. करंगळीशेजारच्या बोटाखाली हात निळा पडून फुगला होता. मूठ वळत नव्हती.

"अरे गाढवा, हे घेऊन वेल्डिंग केलंस? बोलला का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना साहेब, कळ काढ."

त्याच्या आवाजात तक्रार असती तर बरं झालं असतं. ती नव्हती. साहेबाने सांगितलं, त्याने ऐकलं. खडकीत आई शिलाईकाम करून वाट बघत होती, बहिणीचं शिक्षण याच्यावर होतं, हे त्याने पुढे न विचारता सांगितलं.

मी तडक चाचांकडे स्टोअरमध्ये गेलो. त्यांच्याकडे तोडगा तयार होता.

"अवो सोपा हाये. उद्या रीटेस्टला दुसऱ्या कुनाकडून पाईप भरून घ्या. वर सतरा नंबर ठोका. फिल्म तुमीच वाचणार. कोन इचारतंय?"

"आणि उद्या लाइनवर त्याचा हात असाच असला तर? गॅस सुटला तर?"

चाचांनी स्टोअरची वही मिटली. मग म्हणाले, "मग सांगा जाऊन त्या मिसरी साहेबाला. तुमचीबी नोकरी जाईल आन त्याचीबी."

तेही खोटं नव्हतं. साइटवर इजा लपवणं म्हणजे थेट घरी, असा सेफ्टीचा नियम होता. गेटवर मोठा बोर्ड होता, बिनअपघाताचे दिवस किती झाले ते मोजणारा. दोनशेच्या वर गेला होता. महिनाभरात सगळ्या कॅम्पांना कंपनीतर्फे मोठी मेजवानी मिळणार होती. मी तोंड उघडलं की बोर्ड शून्यावर.

संध्याकाळी कंपनीची गाडी दोह्याला जात होती, तिच्यात बसून घरी गेलो. बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल मुलीची शाळा मध्यावर आहे, जपून. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नोकरी गेली तर नाशिकला जाऊ. उपाशी नाही मरणार. त्याच्या आईला तुम्ही काय सांगणार, ते ठरवा आधी."

मुलगी अभ्यास करत होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. "बाबा, डिड यू से सॉरी टू हिम?"

मी म्हटलं नव्हतं. एवढं साधं मला सुचलंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी सातला मी क्यूसीच्या, म्हणजे क्वालिटी खात्याच्या मॅनेजरच्या केबिनबाहेर उभा होतो. मिस्टर हानी, इजिप्तचे, म्हणजे चाचांचे मिसरी साहेब. माणूस तापट, पण कामाला पक्का. वीस वर्षांत मी कुणाच्या केबिनबाहेर असा उभा राहिलो नव्हतो.

आत जाऊन फिल्म त्यांच्यासमोर ठेवली आणि शुक्रवारपासूनचं सगळं सांगून टाकलं. चाचांचं नाव घेतलं नाही. क्लिनिकला जाऊ नको असं मीच सांगितलं म्हणालो. तसं तर "कळ काढ" हे मीच सांगितलं होतं.

हानी साहेबांचा चेहरा लाल झाला. "दाभाडे, तू माझा सीनियर इन्स्पेक्टर आहेस!"

"येस सर."

"हॉकीसाठी?"

"येस सर."

"खलास! तुझी समजच खलास आहे!" ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. मी हात पाठीमागे बांधून उभा होतो आणि मनात सामान बांधायला घेतलं होतं. मग ते म्हणाले, "आधी त्याचा हात. मग तुझं बघतो. यल्ला, गाडी काढ."

दोह्यातल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढला. दुपारी नर्सने फिल्म आणून दिली. मी सवयीने ती व्ह्यूअरवर लावली. तळहाताच्या हाडात एक बारीक काळी रेघ. मी आयुष्यात हजारो फिल्म वाचल्या असतील, पण त्या रेघेकडे बघताना मला रडू आलं. अँथनी शेजारीच उभा होता. म्हणाला, "साहेब, मीपण नापास, हाडपण नापास." मी त्याला सॉरी म्हटलं. तो नुसताच संकोचून हसला.

हानी साहेबांनी डॉक्टरचा कागद जोडून रीटेस्ट पुढे ढकलायची परवानगी मिळवली. हाड जुळेपर्यंत अँथनीला स्टोअरमध्ये हलकं काम दिलं. तिथे चाचा त्याला स्वतःच्या हाताने जेवण वाढायचे आणि "माजी मत मारी गेली व्हती बाला" असं दिवसातून चारदा म्हणायचे. मी आपणहून सांगितलं म्हणून मला नुसतं वॉर्निंग लेटर मिळालं. पुन्हा असं झालं तर थेट विमान. बोर्ड शून्यावर आला, मेजवानी रद्द झाली. चारी कॅम्पांतली माणसं महिनाभर माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी त्यांच्या ताटातली बिर्याणी खाल्ली होती. दळवी तर मला "दाभाडे साहेब, जेवलात का?" असं मुद्दाम विचारायचा.

सहा आठवड्यांनी रीटेस्ट झाली. ती फिल्म वाचायची मला मनाई होती, आणि बरोबरच होती. दुसऱ्या इन्स्पेक्टरने वाचली. मी बाहेर बाकावर बसून नखं कुरतडत होतो, पोरीच्या दहावीच्या निकालाला पुढे मी इतका घाबरलो नाही. दार उघडलं. इन्स्पेक्टर म्हणाला, "क्लीन. ब्यूटिफुल रूट."

एव्हाना अँथनी कसा खेळतो हे सगळ्या साइटला कळलं होतं. माझ्या कबुलीने गुपित चव्हाट्यावर आलं होतं. बाकीच्यांची टर्न होऊन गेली होती, पण गुरमीतने पहिला नंबर राखून ठेवला होता. मेसमध्ये सगळे जमले. गुरमीत उठला आणि मोठ्याने म्हणाला, "कॅम्प दो, अँथनी!"

टाळ्या पडल्या. आमची माणसं माना खाली घालून बसली. अँथनी उभा राहिला.

"मैं नहीं खेलूंगा," तो म्हणाला.

गुरमीतला वाटलं, त्याला आमच्याकडे यायचंय. दळवीलाही तेच वाटलं, तो अर्धा उठला होता. अँथनीने दोघांना हाताने थांबवलं. मग माझ्याकडे बघून मराठीत बोलला.

"साहेब, मला वाटलं होतं टेस्टच्या आधी खेळू नये. तुम्हाला नाही म्हणायची छाती झाली नाही. इथे मी वेल्डिंगला आलोय. घर या हातावर चालतं. खेळायचंय का, हे मला कुणी विचारलंच नाही."

गुरमीतने कागदावरचं नाव खोडलं आणि तो खाली बसला. अँथनी ताट उचलून जेवायला गेला. त्या प्रोजेक्टवर तो तीन वर्षं होता. त्याचा एकही वेल्ड नापास झाला नाही आणि त्याने एकदाही स्टिक हातात घेतली नाही. त्या वर्षीही आमचा कॅम्प शेवटचा आला.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी प्रत्येक वेल्डरला टेस्टआधी ग्लोव्ह काढून दोन्ही हात दाखवायला सांगायचो आणि विचारायचो, "आज करायची आहे का टेस्ट?" फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. तो मी पट्टीने आखून घेतला होता.