ओल्या बिजाची तुळई

लाकडाशी नातं लावणारा माणूस मी एकच पाहिला, आमचा सोयरा वाढई, म्हणजे गावचा सुतार. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत होतं की नाही, देव जाणे! मूल गावाजवळच्या आमच्या खेड्यात कुणी घर बांधायला काढलं की हा आधी नाती सांगत सुटायचा. "सागवान म्हन्जे जवाई. समोरच्या दारात बसवा, पुसा, मिरवा. ऐन म्हन्जे सासू, वजन उचलन पन वाकडी होईन. रोहन मोठा भाऊ, त्याले वाळवी हात लावत नाई. अन् बिजा आपली लेक. पुरी सुकल्याबिगर घरात आनू नका, लय रडते."

मी मुद्दाम विचारायची, "अन् बाभूळ कोन होय, भाऊ?"

"तू होय, तू! बोललं का टोचते."

मालगुजारी नुकतीच गेली होती, जंगल सरकारी झालं होतं, वाळलेलं लाकूड मिळेना. माझ्या साक्षगंधाआधी, म्हणजे साखरपुड्याआधी, नवं घर उभं झालंच पाहिजे, हे मात्र बाबांनी डोक्यात घेतलेलं. मधल्या खोलीच्या तुळईसाठी त्यांनी नुकताच तोडलेला बिजा आणला. सोयऱ्यानं करवत खाली ठेवली. "मालक, एक उन्हाळा खाऊ द्या त्याले." बाबा तडकले, "घर माहं, लाकूड माहं. तुले का कराचं हाय?" शेवटी बसवली बिचाऱ्यानं.

साक्षगंधाला पाहुणे बसले आणि अवकाळी सर आली. छपराच्या कवेलूत कुठंतरी फट राहिली होती. तुळईवरून पाणी ओघळलं आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या पांढऱ्या धोतरावर लाल थेंब पडले. "रगत! रगत!" बायका किंचाळत उठल्या. माझ्या हातातलं पानाचं तबक खाली पडलं. सोयऱ्यानं ते पाणी बोटावर घेतलं आणि सगळ्यांदेखत चाटलं! "तुरट हाय जी. ओल्या बिजाचं लाल पानी होय."

पण सासरे जंगलातल्या कुरखेड्याकडचे, त्यांना लाकूड कळत होतं. "ओला बिजा? आमाले दाखवाले घाईनं घर उभं केलं का? मंग पोरीतबी असंच काई लपवलं असन." आणि ते उठलेच.

"मालकाची चूक नाई जी," सोयरा म्हणाला. "त्यायनं सुकलेलंच मांगतलं होतं. मीच फसवलं."

मी बाबांकडे पाहिलं. आता बोलतील, आता बोलतील! आणि बाबांनी, अहो, मान डोलावली! माझ्या सख्ख्या बापानं! आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

सासरे बसले. साक्षगंध पार पडलं. सोयऱ्याला मात्र त्यानंतर कुणी साधा पाटसुद्धा करायला दिला नाही. मी त्याच्या घरी गेले, तेव्हा तो हत्यारं पोत्यात भरत होता. "काऊन खोटं बोलला, भाऊ?"

"मंग का करू? बापाचं नाव गेलं असतं, त तुले कोनं नेलं असतं? मले काय, जंगल मोठं हाय. जाय घरी, ऊन लागन."

लग्नाच्या अक्षता घरोघरी गेल्या. त्याच्या दारी गेल्या नाहीत. मी बाबांना विचारलं, तर ते माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "फसव्या मानसाले मांडवात कायले बोलवाचं?"