विलायतेतली परड अन् पोरीची झोप

आम्ही दोघांनी संगं केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरच्यांचे देठ मोडणं. अंगणात बाजेवर मी, खाली पोत्यावर माही बायको, आमची बुढी, मधात लाल मिरचीचा ढीग. फोन पितळी लोट्याले टेकवून ठेवला होता. हात मिरचीत, डोळे फोनवर. पोरीच्या प्रयोगाचा निकाल यायचा होता.

आमची एकुलती एक पोरगी विलायतेत सापाच्या जहरावर औषध शोधते. तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तोंडावरच म्हटलं, साप आपल्या शेताच्या धुऱ्यावर अन् अभ्यास विलायतेत, हे कोणतं शहाणपण? मी चौथी शिकलेला. जन्मभर ट्रक चालवून कापसाच्या गाठी वाहिल्या. मले जहराचं शास्त्र काय कळते? पण परड कळते. पुस्तकात तिले घोणस म्हणतेत. बुढीची माय कापूस वेचता वेचता परड चावून मेली. महागावच्या दवाखान्यात नेईपर्यंत पाय सुजून खांब झाला होता, यवतमाळ तर दूरच राहिलं. पोरगी तेव्हा शाळेत होती. तिनं ते पाहिलं अन् तेच धरून बसली.

तिकडं तिले करमत नव्हतं. थंडीत दिवस दुपारीच बुडते म्हणे. संगच्या पोरी चांगल्या, पण बोलायच्या आधी विचारतेत, तुला वेळ आहे का म्हणून. आमच्या बंजारा तांड्यात असं कोणी विचारलं तर लोकं त्याले ताप आला समजतील. इथं बाया सरळ घरात येऊन चुलीवरची भाजी चाखतेत अन् मीठ कमी आहे म्हणून सांगून जातेत.

एक दिवस पोरगी सांगू लागली, की काचेच्या पेटीत एक परड आहे, आपल्याच देशातून नेलेली. तिच्याशी ती आपल्या गोरबोलीत बोलते. घरात आम्ही तीच बोलतो, इथं मराठीत लिहितो एवढंच. बुढी म्हणाली, "बोल बाई. पण माहेरचं माणूस असलं तरी दात आहेत, ध्यानात ठेव."

आमच्या बायांची एक रीत आहे. लय दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडायचं, अन् रडता रडताच घरची सारी खबर सांगायची. पोरगी तिकडं गेल्यावर पहिल्याच व्हिडिओ कॉलले बुढीनं फोन गळ्याशी धरला अन् सूर लावला. पोरीनंही तिकडून लावला. तिच्या इमारतीतल्या पोरी धावत आल्या, मागून चौकीदार आला, कोण मेलं म्हणून विचारू लागले. पोरगी सांगते कोणी नाही, आई भेटली. त्यांना काही पटेना. कोणी पाणी आणलं, कोणी तिच्या अंगावर चादर टाकली. अन् इकडं बुढी थांबायचं नाव घेईना, कारण म्हशीले वगार झाली हे सांगायचं राहिलं होतं.

तर त्या मिरच्यांच्या संध्याकाळची गोष्ट. पोरीचं औषध आधी फसलं होतं. आता फसलं तर सामान बांधून परत येतो, असं तिनं सांगून टाकलं होतं. काळजीनं तिची झोप उडाली होती. फोनवर डोळे पाहिले तर नुसते खड्डे. घर आठवलं की मी गाडी उभी करून टायर ठोकत बसायचो, हाताले काम असलं की मन गप राह्यते. तेच तिले सांगितलं होतं. पण तिच्या हाताले काम होतंच, झोप नव्हती.

मी बुढीले विचारलं, तुले काय वाटते?

ती देठ मोडत म्हणाली, "मलेच समजून नाही राह्यलं. फसलं तर पोरगी घरी येते. नाही फसलं तर कोणाची तरी माय वाचते."

मी म्हटलं, देवाले काय ते एकच माग.

"तुमी मागा. तुमचं तसंही तो ऐकत नाही."

तेवढ्यात फोन वाजला. दोघांचे हात मिरचीचे. बुढीनं कोपरानं दाबला. पोरगी पांढऱ्या कोटात, केस सुटलेले, पळत आल्यासारखी धापा टाकत होती.

"जमलं, बा. परडीचं जहर मेलं."

मंग भराभर सांगू लागली. नळीत रक्त घेऊन जहर टाकलं की रक्त बिघडते. या खेपेला संगं औषध टाकलं, अन् रक्त जसंच्या तसं. माणसापर्यंत पोचायले अजून वर्षं लागतील, पण आता ती मागं फिरणार नव्हती. मी उठलो तो ढिगाले पाय लागून मिरच्या अंगणभर झाल्या. तसाच गल्लीत गेलो अन् माह्या पोरीनं परड मारली म्हणून ओरडलो. परड ऐकताच माणसं काठ्या घेऊन धावली. मी म्हटलं, काठ्या ठेवा, परड विलायतेत आहे. लोकं हसून हसून खाली बसले. कोणी गूळ आणला. लोट्यापुढं गर्दी झाली, ज्याले त्याले पोरीशी बोलायचं होतं.

बुढीनं साऱ्यांना हाकललं. पोरीले म्हणाली, आता जेव अन् आज रातभर झोप. पोरगी म्हणाली, उद्या सुट्टीच घेतली, याडी. आमच्या बोलीत मायले याडी म्हणतेत. बुढी त्या रात्री भाकर खाताना आपली आपणच हसत होती. एकदा मले म्हणाली, माह्या मायले सांगायले पाहिजे होतं.

सकाळी ती उठली नाही. हात लावला तर थंड.

मी दारात आलो. हाक मारायले तोंड उघडलं, अन् मिटलं. एक हाक दिली की बाया जमल्या असत्या, सूर लागला असता, अन् तांड्यातल्या कोण्या ना कोण्या फोननं ते विलायतेत पोचवलं असतं. तिकडं अजून अंधार होता. तिकडचा दिवस आपल्या मागून निघते. किती दिवसांनी पोरगी झोपली होती. माय तर गेलीच होती, तिची झोपही काहून नेऊ?

मी आत गेलो अन् कडी लावली. शेजारीण दाराशी आली, दार काहून लावलं म्हणून विचारलं. ताप आहे, झोपली आहे, असं सांगितलं. ती काढा आणतो म्हणाली. नको म्हटलं. ती गेली, पण दारापाशी थोडी थांबून गेली.

बुढीजवळ बसलो. तिची चादर नीट केली. म्हटलं, "थांब जराशी. पोरगी झोपली आहे."

ऊन ओट्यावरून उतरून गल्लीत गेलं. तिकडं उजाडलं असेल असं वाटलं तेव्हा फोन घेतला अन् पोरीच्या फोटोवर बोट ठेवलं. आधी तिले सांगितलं. मंग कडी काढली.